सहा जण, चार रात्री, उंचावरची तळी: मुक्काम, तंबू, गॅस?

पायवाट:
मंडळी, आम्ही सहा जण आहोत. पोर्टर नाही, सगळं पाठीवर. सुरुवात २,६०० मीटरवरून. पहिली रात्र ३,६०० मीटरवरच्या तळ्याकाठी, दुसऱ्या दिवशी ४,१०० मीटरची खिंड ओलांडून पलीकडच्या तळ्यावर (३,७०० मीटर) दोन रात्री, मग एक रात्र खाली उतरताना. तंबू दोन की तीन? गॅस किती? आणि तळ्याच्या अगदी काठाला तंबू लावला तर काय बिघडतं?

खिंडकर:
सामानाचं नंतर बघू, आधी पहिला दिवस बदला. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तुम्ही एका दिवसात हजार मीटर चढून तिथेच झोपताय. पहिला मुक्काम ३,१०० च्या आसपास करा आणि दुसऱ्या तळ्यावरची एक रात्र कमी करा. रात्री चारच राहतात.

उंचीच्या त्रासाने डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गळाठा आला तर त्या माणसाने पुढे चढायचं नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवा. सोबत कोणी दोघं उतरणार हे घरूनच ठरवून निघा. वर थंडीत त्यावर वाद घालत बसलात की नेमका वेळ जातो.

खिंड दुपारच्या आत ओलांडा, नंतर ढग आणि विजा. बर्फाच्या पाण्याचे ओढेही सकाळी कमी असतात. ओढ्यात शिरण्यापूर्वी सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे.

चूलवाला:
गॅसचा हिशोब असा. गार पाण्याचा एक लिटर उकळायला आडोशात साधारण १५ ग्रॅम लागतो. सहा जणांचा सकाळचा चहा-ओट्स आणि रात्रीचं जेवण मिळून रोज दहा लिटर धरा, म्हणजे १५० ग्रॅम. चार दिवसांचे ६००, वारा आणि थंडीसाठी वर थोडा. २३० ग्रॅमचे चार कॅनिस्टर (गॅसचे छोटे डबे) न्या. पिण्याचं पाणी उकळत बसलात तर हे पुरणार नाही; त्याला फिल्टर किंवा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. गार पाण्यात गोळीला जास्त वेळ द्यावा लागतो. फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतलं पाणी एकदा गोठलं की बारीक नळ्या फुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

कॅनिस्टर आयसोब्युटेन-प्रोपेनचा घ्या. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतो. कॅनिस्टरवर बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा लावू नका, कॅनिस्टर तापतो. दगडाआड ठेवा, पुरे.

दगडफूल:
तंबू तिघांचे दोन घ्या; दोघांच्या तीनपेक्षा वजन कमी पडतं. एका तंबूचे भाग वाटायचे असतील तर एकत्र चालणाऱ्यांतच वाटा. काठ्या मागच्याकडे राहिल्या आणि पाऊस आला तर पुढच्याकडचं कापड काय कामाचं?

काठाबद्दल: तळं बहुधा खोलगट भागात असतं. रात्री गार हवा तिथेच साचते, तंबूच्या आतून पाणी ठिबकतं आणि स्लीपिंग बॅग ओली होते. काठापासून ६०-७० मीटर लांब, थोडं वर, कोरडी सपाट जागा बघा. कड्याखाली ताजे, शेवाळ न चढलेले दगड पडलेले दिसले तर तिथे नको. शौचाचा खड्डाही पाण्यापासून तेवढाच लांब, वीतभर खोल. भांडी तळ्यात बुडवून धुऊ नका, साबण लावून तर नाहीच.

पायवाट:
पहिला मुक्काम ३,१०० वर आणला. खिंडीच्या चढाला स्क्री (सुट्या, घसरत्या दगडांचा उतार) आहे. सहा जणांनी अंतर ठेवून चालायचं ना?

खिंडकर:
उघड्या उतारावर हो, आणि तिरकं चाला, म्हणजे कोणी कोणाच्या बरोबर खाली येत नाही. अरुंद घळीत मात्र उलट: अगदी चिकटून चढा, म्हणजे सुटलेला दगड वेग घ्यायच्या आत मागच्याच्या पायाशी अडतो. दगड सुटला की ‘दगड!’ म्हणून ओरडायचं, छोटा असला तरी. सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा ठेवा.