नवशिक्यांना सोबत घेऊन जाणारा सायकल गट बेळगावात आहे का?

सप्रेम नमस्कार. मी टिळकवाडीत राहते. निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली असून व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात एकटीने फेऱ्या मारण्याचा आता कंटाळा आला आहे. वेगाची हौस असणाऱ्यांच्या मागे धावण्याची माझी इच्छा नाही आणि माझ्या गुडघ्यांचीही नाही. ज्या गटात सर्वांत शेवटच्या स्वारामागे एखादी अनुभवी व्यक्ती मुद्दाम राहते, चौकात सगळे एकत्र येईपर्यंत कोणी पुढे जात नाही, आणि मागून पोहोचलेल्यालाही श्वास घ्यायला वेळ दिला जातो (पुढच्यांनी विसावा घ्यायचा आणि मागचा पोहोचताच निघायचे, ही रीत मला फार निर्दय वाटते), असा गट वडगाव, शहापूर किंवा कॅम्प भागात कोणाच्या माहितीत आहे काय? बोलणे मराठीत होवो वा कन्नडमध्ये, अडचण नाही. चेन उतरली तर शेजारी बसून हात काळे करणारे कोणी असले, म्हणजे पुरे.

असा गट नसल्यास रविवारी सकाळी येळ्ळूरपर्यंत जाऊन परतण्याचा विचार आहे. राजहंसगडाचा चढ तूर्त नको. उसाच्या हंगामात या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ सकाळी कितपत असते, आणि त्याऐवजी हिंडलगा-सुळगामार्गे उचगाव नवशिक्यांना सोयीचे पडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पंक्चरचे साहित्य यांशिवाय आणखी काय जवळ असावे? सोबत येऊ इच्छिणाऱ्या भगिनींनीही जरूर कळवावे.