उदासिनीकरणाची ‘उष्णता’ की ‘उष्मा’?

प्रश्नकर्ती : अकरावीच्या प्रयोगपत्रिकेचा अनुवाद करताना अडले आहे. थर्माकोलच्या पेल्यात १ मोलर (लिटरमागे एक मोल; मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचे माप) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि तेवढेच, त्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र केले की तापमान सुमारे ६.८ अंशांनी चढते. आम्ल आणि आम्लारी (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) एकमेकांना निष्प्रभ करताना सुटणाऱ्या, त्यावरून काढलेल्या ऊर्जेच्या राशीला मी ‘उदासिनीकरणाची उष्णता’ म्हटले, तर तपासणाऱ्या बाईंनी ‘उष्णता’ खोडून ‘उष्मा’ केले. माझ्या कानाला उष्मा म्हणजे वैशाखातला उकाडा. काय ठेवावे?

निवृत्त शिक्षक : ‘उष्णता’ ठेवावी. तोंड आले की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो, म्हणून काही तो शब्द पुस्तकातून काढला नाही. मला खरी अडचण ‘उदासिनीकरण’ या शब्दात वाटते, कारण मुले उदासीन म्हणजे खिन्न असेच समजतात. मूळ उद् + आसीन, म्हणजे अलिप्त बसलेला. कौटिल्यही तटस्थ राजाला उदासीनच म्हणतो. पण अलिप्तपणा उरतो तो शेवटच्या द्रावणात. क्रिया चालू असताना पेला हाताला चांगला कोमट लागतो.

दुसरे अनुवादक : सरांचे पटते. ही उष्णता हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन (विद्युतभारित कण) मिळून पाणी होताना सुटते, म्हणूनच तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांची कोणतीही जोडी घेतली तरी विरल द्रावणात मोलमागे सुमारे ५७ किलोजूलच मिळतात. मग सरळ ‘जलनिर्मितीची उष्णता’ का म्हणू नये?

निवृत्त शिक्षक : तसे कृपया करू नका. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायूंपासून पाणी होताना मोलमागे सुमारे २८६ किलोजूल सुटतात, आणि ते नाव त्या राशीचे आहे. शिवाय ॲसेटिक आम्लाचे पूर्ण आयनीभवन आधी झालेले नसते, त्यामुळे त्याचा आकडा थोडा कमी येतो. तो फरक तुमच्या नावात कुठे दिसणार?

चौथ्या वाचक : नावांचेच निघाले आहे म्हणून विचारते. या क्रियेत पाण्याबरोबर ‘क्षार’ तयार होतो असे पाठ्यपुस्तक सांगते. पण पापडखार, जवखार यांतला खार हा त्याच क्षाराचा तद्भव, आणि पापडखाराच्या पाण्यात तांबडा लिटमस (आम्लारीत निळा होणारा कागद) मी स्वतः निळा होताना पाहिला आहे. म्हणजे घरातला खार आम्ल मारणारा आणि पुस्तकातला क्षार आम्ल मेल्यावर उरणारा! हिंदीत याला लवण म्हणतात, ते आपण का घेतले नाही?

दुसरे अनुवादक : कारण पिढ्यान्‌पिढ्या मुले ‘क्षार’ शिकली आहेत, आणि रूढ झालेली संज्ञा व्युत्पत्तीसाठी मोडू नये.

चौथ्या वाचक : रूढ तर खारही आहे, आणि तो पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून.

प्रश्नकर्ती : पत्रिका सोमवारी छापायला जाते आहे. ‘उष्णता’ पुन्हा लिहून बाईंकडे पाठवते. ‘क्षार’ मात्र आता मलाही खटकू लागला आहे.