घरात मूर्ती नाही, मग देवाच्या जागी काय बसलंय हे ओळखायचं कसं?

होटगीरोडकर
जय ख्रिस्त सगळ्यांना. गुरुवारच्या बायबल अभ्यासात आम्ही निर्गम २० घेतलं, पहिली आज्ञा, म्हणजे माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत, आणि सगळे माना डोलवत होते की आपल्याकडं मूर्ती नाही म्हणजे ही आज्ञा आपण पाळतोच, पण माझं मन काही मानेना. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे, क्लासची टेस्ट रविवारी सकाळीच असते त्यामुळं तिची आणि तिला सोडणाऱ्या माझी, दोघांची उपासना बुडते. ते एक वेळ राहू द्या, पण रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसलो तरी विषय एकच, मार्क. ७२० पैकी किती पडले यावर त्या दिवशीचं जेवण गोड लागणार की कडू ते ठरतं. मिसेस म्हणतात, मुलीच्या भविष्याची काळजी करणं पाप आहे का? मलापण तसं वाटत नाही. मग काळजी कुठं संपते आणि ते दुसरं कुठं सुरू होतं? नुसती वचनं देऊ नका, रोजच्यातलं सांगा.

पूर्वभाग_सोलापूर
भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. मेहनत म्हणजे मूर्ती नव्हे. प्रेषित पौलसुद्धा करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू करायचा (प्रेषित १८), आपल्या गावात पिढ्यानपिढ्या मागावर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आजकाल काही जण मोबाईल मूर्ती, क्रिकेट मूर्ती, नोकरी मूर्ती असं सरसकट बोलत सुटतात, त्यानं माणूस नुसता घाबरतो, बदलत काहीच नाही.

शब्बाथशाळेच्या बाई
वरच्या भाऊंचं पटतं, पण अर्धंच. होटगीरोडकर, जेवण कडू लागतं असं तुम्ही लिहिलंत ना, उत्तर तिथंच आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ मध्ये पहिल्या आज्ञेबद्दल लिहिताना म्हटलं की तुझं मन ज्याला चिकटतं आणि ज्यावर भरवसा टाकतं तोच खरा तुझा देव. म्हणून वस्तू चांगली की वाईट हे बघून काही कळत नाही, ती हातातून जाईल असं वाटलं की आपलं काय होतं ते बघायचं. राग कशानं येतो, झोप कशानं उडते, कशापायी आपण खोटं बोलायला तयार होतो. पितळी सर्प तर देवानंच मोशेला करायला सांगितला होता, साप चावलेले लोक त्याच्याकडं बघून वाचले (गणना २१), पण पुढं इस्राएल त्यालाच धूप जाळायला लागलं आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला (२ राजे १८:४). देवानं दिलेली देणगीच कधी देवाच्या जागी जाऊन बसते हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

पूर्वभाग_सोलापूर
हे बरोबर बोललात बाई. आणि मग मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं पण बोला की. कमिटीची निवडणूक आली की वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारे एकमेकांना सलाम करत नाहीत, ते काय आहे मग?

होटगीरोडकर
सर्पाची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय पण फोडल्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता मुलीला हे कसं सांगू? परीक्षा तोंडावर आलीय, तिला टेन्शन नको.

शब्बाथशाळेच्या बाई
तिला कशाला सांगताय, ती बिचारी अभ्यास करतीय. मार्क तुमच्या मनात बसलेत, तिच्या नाही. यहेज्केल १४ मध्ये देव इस्राएलच्या वडीलमंडळींबद्दलच म्हणतो की यांनी मूर्ती आपल्या मनात घेतल्यात. आणि जुन्या करारात मोलख नावाच्या दैवताला काय वाहायचे आठवा, स्वतःची लेकरं. थोडं कडक लिहितीय पण कळकळीनं लिहितीय. पुढची टेस्ट झाली की घरी आल्यावर तिला मार्क विचारू नका, आधी पोटभर जेवू घाला, प्रार्थनेत तिच्यासाठी आभार माना, निकालाचा विषय तिनं काढला तरच बोला. बघा तुम्हाला किती जड जातंय. जेवढं जड जाईल तेवढं खोल रुतलंय असं समजा. आणि क्लासवाल्यांना एकदा विचारून तर बघा टेस्ट शनिवारी देता येईल का, नाही म्हणाले तर संध्याकाळची उपासना कुठल्या मंडळीत असते ते शोधा, सगळे मिळून जा.

होटगीरोडकर
उद्याच क्लासमध्ये विचारतो. मिसेसना पण हे वाचायला दिलंय.