मदत हवी आहे: ड्रमच्या ठिबकचं पाणी शेवटच्या कुंडीपर्यंत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर डिचोलीत परसबागेची कार्यशाळा आहे. ठिबक प्रत्येकाने स्वतः जोडून शिकावं, हा हेतू. चिऱ्यांच्या १ मीटर उंच चौथऱ्यावर २०० लिटरचा ड्रम, १२० मेशची गाळणी, १६ मिमी नळी, २० कुंड्या.

अडचण दाबाची. १ मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार मिळतो आणि ताशी ४ लिटरचे साधे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं) १ बार धरून बनवलेले असतात. पहिल्या कुंड्या भिजतात, शेवटच्या कोरड्या. दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) तर इतक्या कमी दाबाला नीट चालत नाहीत. त्याऐवजी बारीक मायक्रोट्यूब, ड्रमजवळच्या कुंड्यांना लांब नि दूरच्यांना आखूड, अशी कुणी लावली आहे का? आतला व्यास आणि लांबी किती ठेवलीत? नेमके आकडे हवेत.

दुसरं, विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हवा लागून तांबूस गाळ धरतो आणि तोंडं बुजतात. पाणी रात्रभर निवळू देऊन तोटी तळापासून १० सेंमी वर बसवली तर पुरेल का?

तांबडी भाजी (लाल माठ), मिरचीला सोडणांचं (नारळाच्या सालींचं) आच्छादन करणारच आहोत. त्याची चिंता नाही.