मुलीनं विहारात लग्न केलं म्हणून आईबापाचं प्रभुभोजन बंद, हे बरोबर आहे का?

संत्रावाली
जय ख्रिस्त. अमरावती जिल्ह्यातलं गाव आहे आमचं, चर्चच्या मंडळीत तीसेक घरं. माझ्या चुलत बहिणीनं दिवाळीनंतर एका बौद्ध मुलाशी लग्न केलं, आधी कोर्टात मग विहारात. चर्चच्या कमिटीनं काकाकाकूचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर अन् द्राक्षारस घ्यायचा तो विधी, सहा महिने बंद केलं. मागच्या रविवारी मी काकूच्या बाजूलाच बसली होती. छोट्या पेल्यांचा ट्रे आमच्या बाकापाशी आला, माझ्यासमोर धरला आन मग काकूला सोडून पलीकडच्या बाईकडं नेला. काकूनं पदर पुढं ओढला अन् उपासना संपेपर्यंत मान वर केली नाही. किती वर्षांपासून दर शनिवारी तीच चर्चचं देऊळ झाडते. पोरी आता पुण्याला नोकरी करतात, आपला जोडीदार आपण पाहतात, हे थांबणार नाही. मग चर्चनं अशा वेळी फक्त दंडच द्यायचा का?

पाळकाचा_पोरगा
ताई वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी छोट्या मंडळीतच वाढलो म्हणून सांगतो, तीस घरातली दोन पोरं दरवर्षी बाहेर गेली तर वीस वर्षांनी देवळाचं कुलूप कोण उघडणार? बायबलात 2 करिंथ 6:14 मध्ये प्रेषित पौलानं विश्वास नसलेल्याशी विजोड जोडी नको असं स्पष्ट सांगितलं आहे. आन जमाना बदलला हे कारण मला पटतच नाही. जमाना तर हुंडाही घेतो, लग्नात दारूही वाटतो, उद्या चर्चनं त्यालाही हो म्हणायचं का?

दर्यापूरकर
पण लग्न पोरीनं केलं तर शिक्षा आईबापाले काहून? यहेज्केल 18 मध्ये लिहिलं आहे ना, पोराच्या पापाचा भार बापावर नाही. तुम्ही 2 करिंथ वाचता तसं 1 करिंथ 7 पण वाचा, तिथं पौल म्हणतो की विश्वास नसलेला नवरा बायकोमुळं पवित्र होतो. कायद्यातही 1872 च्या ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्टनं दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागतं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच होत्या, त्या स्वतःच्या मनानं आल्या त्या काही वर्षांनी, अन् त्याच टिळकांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. चर्च कधी बदललंच नाही असंही नाही. लेकराचा बाप्तिस्मा करायचा की मोठं झाल्यावर, यावरून मंडळ्या पिढ्यानपिढ्या वेगळ्या बसल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं तेव्हा दोन्ही पद्धती एका छताखाली ठेवल्याच ना.

पाळकाचा_पोरगा
दादा, टिळकांचं लग्न आधीचं होतं, नंतर एकानं विश्वास धरला. 1 करिंथ 7 पण तशाच जोडप्यांबद्दल आहे. नवीन लग्न ठरवताना काय करायचं तो प्रश्न वेगळा, ते दोन्ही एकत्र करू नका. आईबापाच्या शिक्षेबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

धुऱ्यावरून
आमच्या घरात तर ख्रिस्ती अन् बौद्ध दोन्ही आहे. आजोबा मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले, त्यांचा सख्खा भाऊ 1956 ला दीक्षा घेऊन आला, पण दोघांनी शेवटपर्यंत एकाच धुऱ्याला वावर केलं, एकाच्या बैलाले दुसरा पाणी पाजे. अन् खरं दुखणं बोलायचं तर ते कागदाचं आहे. 1950 च्या सरकारी आदेशामुळं ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत गेली, बौद्धांना ती 1990 मध्ये मिळाली, आपल्याले अजून नाही. त्यापायी किती घरं रविवारी एक अन् तहसीलमध्ये दुसरं सांगतात हे प्रत्येक कमिटीला माहीत असते. तिथं कोणी प्रभुभोजन बंद करत नाही, करूही नये, ती लेकरांच्या शिक्षणाची लाचारी आहे. पण मग ही दया त्या पोरीच्या मायले का नाही?

सिस्टरबाई
मी मिशन दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसाला त्याच्या घरच्यांनी गोठ्यात ठेवायचं, अन् आमच्या डॉक्टरीणबाई त्याचा पाय मांडीवर घेऊन जखम धुवायच्या. या भागात लोकांनी चर्च ओळखलं ते त्या हातांमुळं. शिस्त पाहिजे या मताची मीपण आहे. पण दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत बसलेला मी डोळ्यानं पाहिला, त्याच्या बायकोच्या डोक्याला टाके मीच घातले होते. त्याला कमिटीनं कधी बोलावलं नाही. शिस्त फक्त पोरींच्या लग्नाला लागते, हे मला सहन होत नाही.

पाळकाचा_पोरगा
सिस्टर, हे खरं आहे. मारणाऱ्याला आधी थांबवायला पाहिजे होतं. मी तरी मिश्र लग्नाला चर्चनं आशीर्वाद द्यावा म्हणणार नाही, ते माझं मत पक्कं आहे.

संत्रावाली
तुमचं मत राहू द्या भाऊ, आशीर्वाद बहिणीनं मागितलाच नव्हता. मी काल कमिटीला अर्ज दिला, त्यात यहेज्केलचं वचन लिहिलं अन् एवढंच मागितलं की काकाकाकूला परत घ्या. उत्तर नाही आलं. या रविवारी मी काकूच्याच बाजूला बसणार आहे, ट्रे तिला सोडून गेला तर मी पण पेला उचलणार नाही.