प्लीज स्तनाच्या इम्प्लांटभोवतीचं कवच दाबून फोडायला जाऊ नका
वर एका ताईंनी लिहिलंय की स्तनातल्या इम्प्लांटभोवती कडक झालं असेल तर मसाजवालीकडून जोरात दाबून घ्या, मोकळं होतं. प्लीज असं करू नका. पूर्वी डॉक्टरच हाताने दाबून ते कवच फोडायचे, पण त्यात इम्प्लांट फुटायचे, आत रक्त साचायचं, म्हणून ती पद्धत मागे पडली.

माझ्या मोठ्या बहिणीचं कॅन्सरमुळे स्तन काढून इम्प्लांट बसवलं, मग रेडिएशन झालं, आणि रेडिएशननंतर हा त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. वर्षभरात ती बाजू वर ओढल्यासारखी दिसायला लागली, हाताला टेनिस बॉलसारखी टणक, त्या कुशीवर वळली की कळ यायची. शरीर इम्प्लांटभोवती पातळ पडदा (हेच ते कवच) करतंच, सगळ्यांच्यात, तो आवळत गेला की असं होतं. किती आवळलंय त्याचे बेकर ग्रेड १ ते ४ असतात, दुखायला लागलं की ४. काही डॉक्टर सुरुवातीला दम्याची माँटेलुकास्ट देऊन बघतात, पण हिचं ४ होतं. शेवटी सर्जननी कवच आणि इम्प्लांट दोन्ही काढलं आणि पोटाची चरबी-कातडी तिथे बसवली. ऑपरेशन फार मोठं, कितीतरी दिवस ती वाकूनच चालायची, पण आता ती बाजू मऊ आहे आणि ती कुशीवर झोपते.

आणि खरखरीत पृष्ठभागाचं इम्प्लांट असेल, बऱ्याच वर्षांनी अचानक सूज आली किंवा पाणी साचलं, तर ते पाणी आणि कवच तपासायला पाठवायला सांगाच. क्वचित तिथे लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो, ॲलर्गन कंपनीचे बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट त्यामुळेच २०१९ मध्ये जगभरातून परत घेतले.