शब्दचर्चा: तर्कशास्त्रातले पक्ष, हेतू, साध्य आणि व्याप्ती

प्रश्न: माझी भाची इथं सोलापुरात अकरावीला आहे, तर्कशास्त्र घेतलंय तिनं. पक्ष, हेतू, साध्य पाठ आहेत, पण 'हेतू' म्हटलं की तिच्या डोक्यात उद्देशच येतो आणि 'व्याप्ती' म्हणजे पसारा. जाणकारांनी सांगावं.

उत्तर: ताई, इथं हेतू म्हणजे उद्देश नव्हे. ज्या खुणेच्या आधारावर आपण अनुमान काढतो, ती खूण. न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातली तर्काची शाखा, तिच्यातलं नेहमीचं उदाहरण बघा: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथं धूर दिसतो. पर्वत हा पक्ष (ज्याच्याबद्दल अनुमान काढायचं तो), अग्नी साध्य (जे सिद्ध करायचं ते), धूर हेतू. 'जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी' हा दोघांमधला अढळ संबंध म्हणजे व्याप्ती. अनुमानाचा सगळा भार तिच्यावर आणि ती उलटी फिरवता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, हे पाच अवयवांत मांडतात: प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान), हेतू, उदाहरण, उपनय (ते समोरच्या पक्षाला लावणं), निगमन (निष्कर्ष). ॲरिस्टॉटलचं दोन आधारविधानं आणि एक निष्कर्ष यांत भागतं.

प्रश्न: सर, मग ती विचारते, 'सगळ्या सोलापुरी चादरी सुती असतात, ही चादर सुती आहे, म्हणून ही सोलापुरी', यात चुकलं काय? चादर तर चाटी गल्लीतून आणलेली, खरोखर सोलापुरीच आहे.

उत्तर: फार चांगलं विचारलंय पोरीनं! निष्कर्ष खरा आहे, तरी युक्तिवाद अयुक्त, म्हणजे आधारविधानं खरी मानली तरी त्यांतून निष्कर्ष निघतोच असं नाही. सुती चादरी तमिळनाडूत करूरलाही विणतात. तिथली चादर हातात घेतली तर दोन्ही विधानं तशीच राहतात आणि निष्कर्ष मात्र खोटा पडतो. 'सुती' हे इथलं मध्यपद: दोन्ही आधारविधानांत येतं, निष्कर्षात येत नाही. त्यानं पक्षपद (निष्कर्ष ज्याच्याबद्दल आहे ते, इथं 'ही चादर') आणि साध्यपद (त्याच्याबद्दल जे सांगायचं ते, इथं 'सोलापुरी') जोडायचं, पण सगळ्या सुती वस्तूंबद्दल एकाही विधानात काही सांगितलेलंच नाही. उलट 'ही सोलापुरी, म्हणून सुती' हा युक्तिवाद युक्त. उद्या एखादी सोलापुरी चादर सुती नाही असं निघालं, तर पहिलं विधान खोटं ठरेल, युक्तता तशीच राहील. खरं-खोटं विधानाला लावायचं, युक्त-अयुक्त युक्तिवादाला.

आणखी एक: एखादं पद 'व्याप्त' आहे म्हणजे विधान त्या पदाच्या सगळ्या वर्गाबद्दल बोलतं. न्यायातली व्याप्ती वेगळी, ती दोन गोष्टींमधला संबंध. चादरीच्या उदाहरणातल्या चुकीला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. परीक्षेत ती हेच नाव लिहू दे.